एक मुकादम, एक डबा

चिंचवडच्या चौकीवर मी नवा फौजदार होतो, तेव्हाची ती घटना आजही मनातून जात नाही. दारूबंदी जोरात होती. पिंपरीकडे कारखाने उभे राहत होते, लांबलांबची माणसं कामाला येत होती.

एका सकाळी कारखान्यातला एक गाववाला कामगार खबर घेऊन आला. "सायेब, आमचा नवा मुकादम कोकणातला हाय. त्याच्या खाटंखाली हातभट्टीचा डबा हाय."

पंच घेऊन मी छापा घातला. डबा काठोकाठ भरलेला निघाला. मुकादमाला कोठडीत टाकलं.

"मी पितंय, सायबा. नाय कशाला म्हणू?" तो म्हणाला. "पण गावाला सांजचा एक पेला माडी, तेवढीच. या डब्याचा मी काय करू?"

मी हसलो. माझा जमादार मावळातलाच, तो हसला नाही.

"साहेब, हा रोज घोटभर पिणारा गडी. बाजाराच्या दिवशी बसायचं अन् डबा रिकामा करूनच उठायचं, ही आमच्याकडची तऱ्हा. डबा इथल्याच कुणीतरी आणलाय."

मी त्याला गप्प केलं. खरं सांगायचं तर तो मला खुपायचा. लोक चौकीत आले की आधी त्याला रामराम घालत, मग माझ्याकडे वळत. हुशारीही त्याचीच, हे मला सोसवेना.

तरी दुसऱ्या दिवशी खबऱ्याला पुन्हा बोलावलं.

"दारू पितोस?"

"बाजाराच्या दिवशी."

"किती?"

"सपेपर्यंत."

"मुकादम तू व्हायचास का?"

त्याची मान ताठ झाली. "जमिनी आमच्या गेल्या कारखान्यात! आन मुकादम कोण, तर काल आलेला त्यो? समदी त्यालाच इचारत्यात. मी हाय का न्हाई हितं?"

जमादाराबद्दल मी मनातल्या मनात हेच बोलत आलो होतो. मग थांबलो नाही. डबा कुठून आणलास, खोलीत कधी शिरलास, एकेक विचारत गेलो. तासाभरात तो रडायला लागला. मुकादम पाळीवर असताना डबा त्यानंच ठेवला होता.

कोकणी माणूस सुटला, पण त्याची जागा तोवर तिसऱ्यालाच मिळाली होती. तो गावी निघून गेला.

पिण्याची रीत मुलखागणिक वेगळी असते, हे मी जमादाराकडून शिकलो. दुसऱ्याचं बरं पाहून होणारी जळजळ मात्र सगळीकडे सारखीच, हे स्वतःकडून. अहवालात जमादाराचं नाव मी घातलं नाही. वरून शाबासकीचं पत्र आलं, तेव्हा सगळ्यांत आधी कडक सलाम ठोकून अभिनंदन त्यानंच केलं.

मी मान वर केली नाही.