बॉनेटची उजवी बाजू

गाडी घेतली तेव्हा बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नव्हतं. चार माणसांच्या घरात दोन माणसांची गाडी! तीही युद्धाच्या आधीची, विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाने जाता जाता विकलेली. लांबलचक नाक, कापडी टप आणि मधोमध बिजागरी असलेलं बॉनेट. ते डावीकडून वेगळं उघडायचं आणि उजवीकडून वेगळं. पण मला भुरळ पडली ती डॅशबोर्डवरच्या काळ्या मुठीची. ती ओढून फिरवली की ॲक्सिलरेटर तिथेच अडकून राही. पाय खुशाल काढून घ्या, गाडी आपली पंचेचाळीसच्या वेगाने चालली आहे. भेटेल त्याला मी ही मूठ दाखवत असे.

त्या वर्षी माघात जोडून सुट्ट्या मिळाल्या आणि मी नाशिकहून एकटाच निघालो, थेट कळसाडीला. तिथे माझा कॉलेजातला खोलीसोबती रघुनाथ पाटील शेती बघत होता. मालेगावच्या पुढे रस्ता सरळ लागला. मूठ ओढली, पाय पसरले आणि शीळ घालत धुळं गाठलं. रात्र तिथे काढून दुसऱ्या दिवशी तापी ओलांडली. त्या वाटेला तेव्हा पूल नव्हता. पात्रातल्या रेतीवर पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) अंथरून उन्हाळी वाट केलेली असे. गाडी जरा वेगात ठेवली तर तरून जायची. मी ठेवली आणि पलीकडे गेलो.

शहाद्याच्या एस.टी. स्टँडवर कापसाच्या गाड्यांमागे अर्धा तास अडकलो. पुढे केळीचे मळे, ऊस, मधून मधून गुऱ्हाळांचा गोड धूर. कळसाडीत शिरलो तेव्हा रघुनाथच्या आधी त्याचा धाकटा भाऊ भिला धावत आला. पंचविशीचा, काळासावळा, दंड पाहावेत असे. शाळा त्याने दुसरीत सोडली होती, पण घरच्या ऑइल इंजिनाचं दुखणं तो आवाजावरून ओळखायचा. आल्या आल्या त्याने माझ्याऐवजी गाडीलाच हात लावून नमस्कार केला. मला अर्थातच आवडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रघुनाथने मला मळा दाखवायला नेलं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनाला जुन्या लाल-पिवळ्या नाड्यांचे थर दिसले. रघुनाथ म्हणाला, भिल्याचं हे दर दसऱ्याचं. परत आलो तर माझी गाडी धुऊन लखलखीत, बॉनेटवर कुंकवाची बोटं, पुढे फोडलेला नारळ. मी हसलो. भिला गंभीरपणे म्हणाला, "भाऊ, नवं वाहन दारशी उनं, मंग पूजा करनी पडस." (दाराशी आलं, मग पूजा करावी लागते.)

दुपारी शहाद्याला पेट्रोल भरायला गेलो आणि परतताना गाडी मरगळली. पंधरा-वीसच्या वर जाईचना. मूठ ओढली तर तीही ढिली, ओढून काही उपयोग नाही. पायाखालचं पेडलही अर्ध्यातच कडक लागत होतं. ज्याला गाडीतलं चार आणे कळतं, त्याला इथेच कळायला हवं होतं. हात आणि पाय दोन्हीकडून एकच सांधा ओढला जातो. दोन्ही एकदम बिघडले म्हणजे बिघाड त्या सांध्यात. पण मी शहाणा! मी ठरवून टाकलं की टिनातल्या पेट्रोलात रॉकेल असणार. घरी आल्यावर डावं बॉनेट उघडलं, प्लग काढून घासले, पॉइंट पुसले. कार्बुरेटर उजव्या बाजूला होता. तेवढ्यात आतून जेवायची हाक आली. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची), ठेचा, वर कच्चं तेल. मी उजवी बाजू उद्यावर टाकली आणि फडक्याला हात पुसून पाटावर जाऊन बसलो. पोटभर जेवलोही.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसातच्या सुमाराला गुऱ्हाळाकडून आरडाओरडा ऐकू आला. भिला चरकात ऊस घालत होता. ओल्या उसाबरोबर त्याचा उजवा हात आत ओढला गेला होता. इंजिन बंद करून, चरक उलटा फिरवून हात काढला तोवर जे व्हायचं ते झालं होतं. मी तो हात पाहिला. त्याचं वर्णन करणार नाही.

रघुनाथ माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "तुझी गाडी."

भिलाला शेजारच्या सीटवर बसवलं. रघुनाथ मागे दुमडलेल्या टपावर बसून त्याच्या खांद्यांना धरून राहिला. शहाद्याच्या डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, सुई दिली आणि आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की नंदुरबारच्या मोठ्या दवाखान्यात न्या. दोन तासांच्या आत पोचलात तर हात वाचवायचा प्रयत्न करता येईल, त्यानंतर कापावाच लागेल. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंचवीस मैल. माझी गाडी धड असती तर पाऊण तास, नदी धरून तास.

माझी गाडी! पंधराच्या वर काटा हलेना. पेडलवर सगळा भार टाकून मी जवळजवळ उभाच राहिलो होतो. मूठ ओढत होतो, शिव्या देत होतो, त्या पेट्रोलवाल्याच्या सात पिढ्या काढत होतो. एक एस.टी. आम्हाला मागे टाकून निघून गेली. भिला पांढरा पडला होता, पण शुद्धीवर होता. दर थोड्या वेळाने तो एकच विचारायचा, "आते कितलं ऱ्हायनं?" (आता किती राहिलं?) रघुनाथ म्हणायचा, थोडंसं.

तापीत उतरलो आणि जे होणार होतं ते झालं. वेग नाही, ताकद नाही. पऱ्हाट्यांवरून मागचं चाक घसरलं आणि आसापर्यंत रेतीत गेलं. एस.टी. केव्हाच पलीकडे पोचली होती. रघुनाथ पात्रातून धावत गेला, टरबुजाच्या वाडीवरून बैल आणायला. पट्टा आवळून एक तास उलटून गेला होता. भिलाला सीटवर टेकवून मी उजवं बॉनेट उघडलं.

कार्बुरेटरच्या दांडीला नाडा बांधला होता. एक नव्हे, अकरा वेढे, आणि वर गाठींवर गाठी. तेलाने फुगून त्याचा बोळा झाला होता आणि तो सांध्यात असा बसला होता की दांडी पाव हिस्साच हलत होती. पाहताक्षणी मला सगळं समजलं. इंजिनात जे हलतं तिथे नाडा बांधायचा ही भिलाची रीत. ऑइल इंजिनाच्या जाड दांडीला त्याने काही बिघडत नव्हतं. माझ्या गाडीची दांडी करंगळीएवढी. त्याने शोधून शोधून बरोबर तीच निवडली होती, कारण त्याला इंजिन कळत होतं.

मी चाकूने तो बोळा कापून काढला आणि नदीच्या धारेत फेकून दिला. दांडी मोकळी झाली. वळून पाहिलं तर भिला माझ्याकडेच बघत होता. पण मध्ये बॉनेटचं पान होतं, त्याला काही दिसलं नव्हतं.

बैल यायला आणि गाडी रेतीतून ओढून काढायला दीड तास गेला. पलीकडच्या काठावर पेडल दाबलं आणि गाडी बाणासारखी सुटली. मागून रघुनाथ कानाशी ओरडला, "काय होतं?"

मी म्हणालो, "पुसायचं फडकं. काल मीच आत विसरलो. सांध्यात अडकलं होतं."

त्याने मान फिरवली आणि भिलाचे खांदे पुन्हा धरले.

आम्ही पोचलो तेव्हा डॉक्टरांनी दिलेल्या वेळेवर तासभर उलटला होता. हात कोपराच्या वर कापला. मी त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन दिवस काढले. रघुनाथ-भिलाची माय आली, तिने मलाही भाकरी वाढली, पण माझ्याकडे बघितलं नाही. रघुनाथ तर मी बाकावर बसलो की उठून जायचा. एकदाच जवळ आला आणि म्हणाला, "चार वर्षं तुझ्याबरोबर राहिलो. तुझी कुठलीच गोष्ट जागेवर नसायची. तेव्हा हसायचो." खरं तोंडाशी आलं होतं माझ्या. सांगितलं असतं तर मित्र राहिला असता. पण मग ते भिलाच्या कानावर जायला किती वेळ लागला असता?

आणि मी काही फार मोठं खोटं बोललो असंही नाही. आदल्या दिवशी मी उजवी बाजू उघडली असती तर नाडा तेव्हाच निघाला असता. मला भूक लागली होती, एवढंच.

निघण्याआधी भिलाचा निरोप घ्यायला गेलो. खाटेवर तो लहान दिसत होता. रघुनाथने त्याला फडक्याचं सांगितलेलं होतं. मी पायथ्याशी उभा राहिलो. तोच म्हणाला, "भाऊ, मनवर लेऊ नका. चूक कोन्ही बी व्हई जास." (मनावर घेऊ नका. चूक कोणाचीही होते.) मग डाव्या हाताने माझं मनगट धरून बराच वेळ थोपटत राहिला. मी त्याच्याकडून माफी घेतली. घ्यावीच लागली. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नाही.

भिला मागच्या पोळ्याला गेल्याचं कुणाकडून तरी कळलं, म्हणून आज हे लिहायला धजलो. रघुनाथच्या हाती हे पडेल की नाही, देव जाणे. पडलं तरी त्याने काय करावं, हे मलाही सांगता येणार नाही.

त्या दिवशी नंदुरबार सोडून मी परत निघालो. धुळ्यानंतर सरळ रस्ता लागला आणि सवयीने माझा हात मुठीकडे गेला. ती ओढली. काटा पंचेचाळीसवर जाऊन थांबला आणि तिथून हलला नाही. मी पाय काढून घेतले. नाशिकपर्यंत गाडी एकदाही अडखळली नाही. इतकी सुरेख ती कधीच चालली नव्हती.