मार्गे लातूर

माझं शिक्षण चौथीपर्यंत. त्यामुळे शुद्धलेखन जिथे चुकेल तिथे वाचणाऱ्याने आपल्या मनात नीट करून घ्यावं, आणि अक्षर म्हणजे मुंग्यांच्या रांगेवर कुणी फुंकर मारल्यासारखं दिसलं तरी रागावू नये. तसं हे कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून कागदाशी बोलते. पण एक गोष्ट मी कितीही शिकलेल्या माणसासमोर सांगायला तयार आहे. आमच्या दाजींएवढा प्रवास करून त्यांच्याइतका कुठेच न पोचलेला माणूस साऱ्या मराठवाड्यात झाला नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे मालक. लातूरला लाल गाड्यांच्या खात्यात कंट्रोलर होते. नोकरीची सगळी वर्षं स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून त्यांनी जगाला पुण्याच्या, मुंबईच्या, पणजीच्या गाड्या दाखवल्या आणि संध्याकाळी स्वतः सायकलवर बसून घरी गेले. खोली सुटली तरी तोंडातला कर्णा सुटला नाही. जेवणाची वेळ साडेबारा. ताट मागेपुढे झालं की जेवून हात धुतल्यावर ते अक्काकडे उशिराचं कारण मागत. अक्का शांतपणे सांगायची, चाक पंक्चर झालं होतं. ते त्यांना पटायचं. माझ्या मुलीच्या लग्नात नांदेडला वऱ्हाड यायला उशीर झाला, तेव्हा त्यांनी लग्न लावणाऱ्या स्वामींच्या हातातला माईक घेऊन जाहीर केलं की उदगीरहून येणारं वऱ्हाड थोड्याच वेळात मांडवाच्या पूर्व दाराला लागेल, प्रवाशांनी जागा धरण्यासाठी रुमाल टाकू नयेत. आमचे व्याही अजून भेटले की विचारतात, तुमचे ते फलाटवाले बरे आहेत ना.

भूकंप झाला तेव्हा सगळं लातूर घराबाहेर झोपत होतं. दाजींनी अक्काला घेऊन डेपोच्या आवारात उभ्या असलेल्या एका नादुरुस्त बसमध्ये बिऱ्हाड केलं. जमीन हलली तर धक्का टायर खातील, असं त्यांचं शास्त्र होतं. पुढे लोकांच्या मनातली भीती गेली, लोक घरात गेले, घरांवर मजले चढवू लागले. दाजी मात्र स्लॅबखाली पाठ टेकेनात. अंगणात बाज टाकून झोपायचे, पाऊस आला की छत्री उघडून झोपायचे. अक्का आत दाराशी झोपायची आणि सकाळी दोघं लांबचे नातेवाईक भेटावेत तशी एकमेकांची चौकशी करायची.

रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशात माणसं काशीला जातात नाही तर जावयाचं दुकान वाचवतात. दाजींनी देवणीच्या बाजारात बैल पोचवणारा एक जुना टेम्पो घेतला. त्याच्या पाठीवर पत्र्याची खोली चढवली. भंगारात निघालेल्या बसच्या खिडक्या लावल्या, दोन शिटा टाकल्या, आणि त्यांच्यावर 'महिलांसाठी राखीव' ही पाटीही जशीच्या तशी आणून ठोकली. महिला एकच असल्यामुळे अक्काची चांगली सोय झाली. झोपायला फळी, पाण्याचं पिंप, स्टोव्ह, पूजेला कोपरा असं सगळं होतं. कितीही धुतलं तरी ओल आली की बैलांचा वास यायचा. कुणी नाक मुरडलं तर दाजी सांगत की हा देवणी बैलाचा वास आहे, कुठल्या ऐऱ्यागैऱ्या जनावराचा नाही.

घर त्यांनी भाड्याने दिलं. तेव्हा लातुरात शिकवण्यांचं पीक असं आलं होतं की न्हाणीघराला खिडकी पाडली तरी त्याला खोली म्हणून भाडेकरू मिळे. डॉक्टर व्हायला निघालेली पोरं प्रत्येक खोलीत चार-चार मावली. ज्यांना स्लॅबची भीती नाही ती स्लॅबखाली आणि घराचे मालक स्वतःच्याच फाटकाबाहेर टेम्पोत, अशी राहण्याची नीट व्यवस्था झाली.

गाडी चालवायला दाजी साठीला आल्यावर शिकले. चालवत इतकी सांभाळून, की सायकलवाले मागून यायचे, खिडकीशी तब्येत विचारायचे आणि पुढे निघून जायचे. पुढे दाजी, मागे अक्का, मध्ये पत्रा. म्हणून दोरीची घंटी बसवली. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, आणि दोनला दाजी भोंग्याने उत्तर द्यायचे. अक्का म्हणायची, संसारात एवढं नीट बोलणं आधी कधी झालंच नव्हतं. भांडायचं असलं की ती एक घंटी द्यायची, उतरून पुढे जायची, खिडकीशी उभी राहून जे बोलायचं ते सगळं बोलायची, परत येऊन राखीव जागेवर बसायची आणि दोन घंट्या द्यायची. मला मात्र ती दोरी ओढायचीसुद्धा लाज वाटे. एकदा लोह्यापासून अहमदपूरपर्यंत मी नुसती दोरीकडे बघत बसले होते, कारण काय ते बायकांना सांगायला नको.

एवढी गाडी आल्यावर अक्काने एकच गोष्ट मागितली. आम्ही दोघी देवणीकडच्या, आमच्याकडे नदी म्हणजे उन्हाळ्यात वाळू. ती म्हणाली, "पलीकडचा काठ दिसत न्हाई असं पाणी एकदा बघायचंय. गुडघे हायेत तवर."

दाजींनी लगेच गणपतीपुळे ठरवलं. सोबतीला मला घ्यायला दोघं नांदेडला आले. गाडीच्या कपाळावर पेंटरकडून रंगवून घेतलेली पाटी होती: नांदेड – गणपतीपुळे, मार्गे लातूर. स्वतःच्या गाडीला पाटी कशाला, असं माझ्या मालकांनी विचारलं. दाजी म्हणाले, पाटीशिवाय सुटलेली गाडी म्हणजे पळून चाललेली गाडी.

नांदेड सोडायच्या आतच एका बापाने हात केला. हिमायतनगरकडचा होता. सोबत मुलगी, मुलीच्या कमरेएवढी पत्र्याची पेटी, गादी आणि ज्वारीचं पोतं. लातूर लिहिलंय, म्हणजे लातूरला जाईलच, असा त्याचा सरळ हिशोब. दाजी त्याला खासगी गाडी आहे म्हणून सांगायला उतरले, मुलीकडे बघत उभे राहिले आणि मागचं दार उघडून म्हणाले, "चढा. पोतं आधी."

मग लोह्याला दोन कुटुंबं, अहमदपूरला तीन. जून महिना, लातूरला निघालेल्या पेट्यांनी सगळा रस्ता भरलेला. चाकूरला मी माझ्या पायांची जागा एका गादीला दिली. लातुरात उतरल्यावर त्यांना खोल्या बघून द्यायच्या, मग खानावळ, मग शिकवणीची गल्ली दाखवायची. अक्काने फाटकाबाहेर स्टोव्ह पेटवून सगळ्यांना धपाटे घातले. हे होईतो पावसाने धरलं आणि घाट बंद पडायचे दिवस आले. समुद्र दिवाळीवर गेला. मी माझी नवी चप्पल न मळवता नांदेडला परत आले.

पाटीवरचं 'मार्गे लातूर' पुसा, असं अक्काने कितीदा सांगितलं. पण मार्ग लपवणं त्यांच्या नोकरीत बसत नव्हतं. आणि याहून मोठी मौज पुढे होती. खासगी गाडीत भाडं घेणं गुन्हा, म्हणून दाजी कुणाकडून एक पैसा घेत नसत. पण ही सगळी माणसं लाल गाडीने गेली असती, म्हणजे खात्याचं उत्पन्न आपण बुडवलं. म्हणून प्रत्येक माणसामागे सरकारी दराने जेवढं तिकीट होईल तेवढे पैसे ते स्वतःच्या पेन्शनीतून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकत. लहान मुलांचं अर्धं. अक्का कपाळाला हात लावायची. "गाडी आपली, डिझेल आपलं, धपाटे आपले, अन् तिकीट बी आपणच काढायचं. असा धंदा लातुरात दुसऱ्या कुणाला जमला न्हाई," म्हणायची.

वर्षाच्या शेवटी दाजी डबा घेऊन डेपोत भरायला गेले. तिथला क्लार्क भला माणूस. त्याने चहा पाजला आणि विचारलं, हे कशाबद्दल म्हणून जमा करू. दाजींनी खरं ते सांगितलं. त्याने पुन्हा चहा मागवला. अशा पैशांसाठी खात्यात जागाच नव्हती. पुढल्या वर्षी दाजी पुन्हा गेले, पुन्हा चहा पिऊन आले. डबा भरला की दुसरा डबा आला.

त्या पहिल्या वर्षी दिवाळीत मी पुन्हा चप्पल घालून तयार. पण दिवाळीत शिकवण्या सुटतात आणि पोरांना घरी जायचं असतं, हे आमच्या लक्षात राहिलं नव्हतं. समुद्र पश्चिमेला, पोरं पूर्वेला. गाडी हिमायतनगरला गेली, तिथून इस्लापूरला एक शेवटची मुलगी सोडायची होती. सोडली, आणि दाजींनी आम्हाला सहस्रकुंडाच्या धबधब्यावर नेऊन उभं केलं. पाणी काळ्या खडकांवरून असं कोसळत होतं की बोललेलं ऐकू येत नव्हतं. दाजींच्या तोंडावर समुद्र दाखवल्याचं समाधान. अक्का पदर सावरत पुष्कळ वेळ बघत राहिली. मग त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाली, "पाणी लई हाय. पण पलीकडं विदर्भ दिसून राहिलाय की."

असं दरसाल चाललं. समुद्र होळीवर जायचा, संक्रांतीवर जायचा, आणि आम्ही अहमदपूरवर जायचो. पुढे अक्काचे गुडघे धरले, दाजींच्या डोळ्यांवर सारा येऊन नीट दिसेना आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. टेम्पो फाटकाबाहेर विटांवर चढला. तरी दोघं राहत होती तिथेच. सकाळी दाजी पुढे जाऊन चाकाशी बसायचे, अक्का मागे चहा करायची आणि झाला की दोन घंट्या द्यायची. दाजी भोंगा वाजवायचे. गल्लीतली पोरं त्यावर उठून अभ्यासाला लागायची.

एका सकाळी तिने दोन घंट्या दिल्या आणि भोंगा वाजला नाही. तिने पुन्हा दोन दिल्या.

दाजींचे दिवस झाल्यावर डबे निघाले. मुलगा पुण्याहून आलेला, तो म्हणाला मठाला देऊन टाकू. अक्का म्हणाली, "देवाचं न्हाई ते. खात्याचं हाय." एवढी वर्षं त्या डब्यांवरून कपाळाला हात लावणारी अक्का त्या दिवशी डबे मांडीवर घेऊन बसली आणि दाजींना उभ्या जन्मात सुचलं नाही ते तिला सुचलं. खातं चहा पाजून पैसे परत करतं. पण तिकिटाचे पैसे कधी कुणाला परत केलेत?

आम्ही दोघी डबे घेऊन समुद्राला निघालो, लातूरहून कोल्हापूरच्या लाल गाडीत बसलो. तिकीट मागायचं काम तिने माझ्यावर टाकलं. तिच्या मते माझी साठी आली होती, आता मी बोलायला लागायला हरकत नव्हती. कंडक्टरने अक्काकडे बघून अर्धं तिकीट काढलं. म्हाताऱ्यांना अर्धं असतं. मी खाली बघत म्हणाले, पुरं द्या. तो म्हणाला, मावशी, आजींना अर्धंच लागतं. तेव्हा मी मान वर करून, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं, पुन्हा म्हणाले की पुरं द्या. त्याने दिलं. अक्काने माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

गणपतीपुळ्याला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. अक्का माझ्या खांद्यावर हात टाकून वाळूत उभी राहिली. पलीकडे खरंच काही नव्हतं. मला वाटलं ती रडेल, पण तिने आधी डावीकडे, मग उजवीकडे, दुकानात लुगड्याचा पन्हा बघावा तसं नीट बघून घेतलं. मग तिथेच वाळूत बसली आणि कधी न सांगितलेलं सांगितलं. भूकंप झाला त्या सकाळी दाजी कामावर होते. एक बाई आली. लेकरू किल्लारीकडे माहेरी ठेवलेलं, गाडी कधी म्हणून विचारत होती. सगळ्या गाड्या जखमींना आणायला गेलेल्या, दाजींना ठाऊक होतं. पण तिच्या तोंडाकडे बघून खरं सांगवेना. सवयीने म्हणाले, बसा, गाडी लागेल. ती बसली. दुपार झाली तरी बसूनच होती.

"तिच्या लेकराचं काय झालं?" मी विचारलं.

"कळलं न्हाई. पण तवापासून रस्त्यात कुणी उभं दिसलं की ह्यांना 'बसा, गाडी लागेल' म्हणवंना." पाणी तिच्या पायांपर्यंत येऊन गेलं. "मी लई बोलले गं त्या माणसाला, गाडी थांबवून थांबवून."

जाऊन-येऊन डबे संपले नव्हते. मग आम्ही गावं शोधून शोधून हिंडलो. गुडघे कुरकुरत होते तरी अक्का चढायची. घरचे म्हणू लागले, दोघींना वारं लागलं. लागलं होतंच. शेवटच्या डब्याच्या तळाशी जे उरलं, ते अक्काने कशालाच काढू दिलं नाही. एके दिवशी लातूरच्या स्टँडवर त्या काचेच्या खोलीसमोर ती थोडी थांबली आणि मला किल्लारीच्या गाडीत चढवलं.

कंडक्टर आला. या वेळी अक्काच बोलली. "तीन द्या. पुरी."

"आजी, माणसं दोन दिसतात."

"एक बाई लई दिवसांपासून बसून हाय," अक्का म्हणाली.

त्याने आमच्याकडे बघितलं आणि तीन तिकिटं काढली. अक्काने डबा मांडीवर उपडा केला. थोडे कमी भरले. ते तिने कमरेच्या पिशवीतून घातले, आणि रिकाम्या डब्याला झाकण लावलं. मग सवयीने तिचा हात वर दोरीकडे गेला. कंडक्टर म्हणाला, आजी, घंटी मी देतो.

"द्या की," अक्का म्हणाली. "फिटलं सगळं. आता दोन द्या."