मोठं फूल आधी

शेवटच्या संध्याकाळी आम्ही झेंडूचे हार ओवत बसलो होतो. ओझरच्या रस्त्याला आमचा फुलांचा मळा. दसरा तोंडावर आलेला. बायकोची रीत अशी, की ढिगातलं सगळ्यात मोठं फूल आधी शोधायचं, दोऱ्याच्या मधोमध बसवायचं आणि दोऱ्याच्या दोन्ही टोकांना सुई लावायची. एका टोकानं ती ओवायची, दुसऱ्या टोकानं मी.

"अहो, तुमची बाजू परत लंगडी."

"गिऱ्हाईक काय माप घेऊन येतं काय?"

"गिऱ्हाईक नाय, मी बघतेय ना."

मला उसवून परत ओवायला लावलं. हार टेम्पोनं पंचवटीत गेले, आम्ही जेवलो, झोपलो. ती झोपेतच गेली.

आता वर्षश्राद्ध आलंय. मुलीला आईवर दोन पानं छापून वाटायचीत. मी चौथीपर्यंत शिकलेलो, पण म्हटलं, लिहिणार मीच. वर आहे ते पहिलं लिहिलं. जावई शाळेत मास्तर आहेत, त्यांनी कागद वाचला.

"मामा, हे शेवटी घ्यायला पाहिजे. सुरुवात जन्मापासून करतात."

"जावईबापू, तिच्या जन्माला मी होतो काय?"

"मग लग्नापासून घ्या."

"लग्नात तिचं तोंड पदरात होतं. मला काय दिसलं?"

मुलगी हसली, जावई हसले नाहीत. कागद घेऊन गेले आणि टाइप करून आणला. जन्म, लग्न, मुलं, नातवंडं, सगळं ओळीनं. कष्टाळू, मायाळू. मायाळू म्हणे. शेजारणीची कोंबडी वाफ्यात शिरली की चप्पल घेऊन बांधापर्यंत पळायची ती. आमच्या त्या संध्याकाळचं काय केलं, तर 'अखेरपर्यंत कामात मग्न होत्या'. आणि सगळ्यात खाली, 'भाग्यवान, सवाष्ण गेल्या'. नवरा मागं राहिला हे भाग्य कुणाचं? एखादा ग्रामसेवक रिटायर झाल्यासारखं सगळं. माझी बाई यात कुठंच नाही.

कागद त्यांच्या पुढ्यात टाकला. असलं छापायचं असेल तर मी त्या दिवशी मळ्यात जाऊन बसेन, म्हटलं.

"पण बाबा, लोकांना मागचं पुढचं कळेल का?" मुलगी म्हणाली.

"तिला बघितलेल्याला कळेल. बाकीच्यांना जन्मतारीख देऊन तरी काय कळणार आहे?"

मग तिनंच मला कोरे कागद आणून दिले. ती संध्याकाळ आधी, तिथून लग्न, पोरं, भांडणं जशी आठवतील तशी दोन्हीकडं ओवीन. आज ती गेली त्या सकाळचं लिहितो.

सकाळी तिला अंगणात आणलं. भावकीतल्या कुणी बाजारातला हार आणून घातला होता. एका टोकाकडून ओवत नेलेला, बारकी किडकी फुलं, मधे काही नाही. मी तो काढून फेकला. पाटीत सुटी फुलं उरली होती, ती घेऊन ओट्यावर बसलो.

"अहो तात्या, उशीर होतोय," भावकीतले म्हणाले.

"होऊ द्या."

पाटी उपसून मोठं फूल काढलं, मधोमध बसवलं. एक बाजू ओवली, मग दुसरी. दोन्ही शेजारी धरून बघितल्या. एक लंगडी होती. उसवली, परत ओवली, तिला हार घातला आणि म्हटलं, आता उचला.