आर्डिथ क्रोकरची ठरलेली साक्ष

राज्याच्या राजधानीत, टोपेकाच्या विधानभवनात आर्डिथ क्रोकरला ओळखत नाही असा शिपाई सापडला नसता. दर अधिवेशनात ती आपल्या न्यूटन गावाहून दालचिनीच्या रोलचे ट्रे घेऊन यायची आणि कुटुंब रक्षण परिषदेच्या बायकांबरोबर आमदारांच्या दारोदार वाटायची. प्रत्येक डब्यावर बायबलमधलं एक वचन चिकटवलेलं असे. वचन कुणी वाचत होतं की नाही ते प्रभू जाणे; रोल मात्र परिषदेच्या नावाने बोटं मोडणारे आमदारही बोटं चाटून फस्त करत.

पण परिषदेला रोलपेक्षा तिची साक्ष जास्त हवी असे. लग्न, घटस्फोट, मुलांचा ताबा, विषय कुठलाही निघो, परिषदेचे प्रमुख गेलन स्टकी तिला समितीपुढे उभं करत. मग ती सांगायची: नवरा प्यायचा, मारायचा. माहेरचे म्हणाले, सोड त्याला. मी सोडलं नाही, गुडघे टेकले. प्रभूने त्याच्यावर हात ठेवला आणि घर टिकलं. हे तिने पहिल्यांदा चर्चमध्ये सांगितलं तेव्हा लोक रडले होते. पुढे सांगून सांगून ते इतकं गुळगुळीत झालं की सांगताना तिला उद्याच्या भाजीची आठवण येई.

यंदाचं विधेयक घटस्फोटाचं होतं. घरात लहान मूल असेल तर दोघांच्या संमतीशिवाय घटस्फोट नाही. मारहाण सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. आणि नेमकी याच हिवाळ्यात आर्डिथची मुलगी जनेल, हात प्लास्टरमध्ये घालून, आपल्या लहानग्या लेकीला घेऊन माहेरी आली. इस्पितळात तिने बर्फावर घसरले म्हणून सांगितलं होतं. आर्डिथनेही तरुणपणी तेच सांगितलेलं. आता सिद्ध काय करणार, कपाळ! जावई ट्रेंटने फोनवर बजावलं होतं, "मरेन, पण सही करणार नाही."

चर्चमधल्या बुधवारच्या प्रार्थनेत आर्डिथ म्हणाली, "माझ्या जनेलसाठी प्रार्थना करा." बास, एवढंच. पण त्या मंडळींत प्रार्थना मागितली की गावात दवंडी पिटायची गरज उरत नाही. सकाळी गेलनचा फोन आला.

"सिस्टर आर्डिथ, आम्ही सगळे जनेलसाठी गुडघ्यांवर आहोत बरं का. आणि बघा, प्रभूने यंदाची साक्ष तुम्हाला आयती दिलीय! मुलगी घर मोडायला निघालीय आणि आई ते वाचवायला उभी राहतेय."

"बरं," आर्डिथ म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच बरं म्हणायची.

"आणि रोल जरा जास्तच आणा हं!"

जनेल स्वयंपाकघरात आली तेव्हा आर्डिथ पीठ मळत होती.

"मॉम, तू खरंच जाणार?"

"शब्द दिलाय मी."

"मला नाही विचारलंस."

"तुझे डॅडी बदलले ना शेवटी."

जनेलने पुढच्या खोलीत पाहिलं. आर्डिथचा नवरा मर्ल चाकाच्या खुर्चीत बसला होता, उजवा हात घडी घातलेल्या टॉवेलसारखा मांडीवर ठेवलेला.

"जा मग," ती म्हणाली. "तुझे रोल खातील आणि मला नांदायला धाडतील."

लेकीच्या बोलण्याने आर्डिथला राग यायला हवा होता, निदान रडू तरी. तिला काहीच वाटलं नाही. तिने पिठावर ओला पंचा टाकला.

सुनावणीला खोली भरली होती. जनेल अगदी मागच्या रांगेत येऊन बसलेली तिला दिसली. आर्डिथने नेहमीचं सगळं नेहमीच्याच क्रमाने सांगितलं. गेलन आमेन म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात टोकाला बसलेल्या एका नव्या आमदार बाईंनी माइक ओढला.

"मिसेस क्रोकर, प्रभूने हात ठेवला म्हणजे नेमकं काय झालं हो?"

इतक्या वर्षांत हे कुणीच विचारलं नव्हतं. चर्चमध्ये असं विचारायची पद्धतच नाही. साक्ष ऐकायची आणि डोळे पुसायचे. आर्डिथकडे यावर तयार वाक्य नव्हतं. म्हणून जे होतं ते ती बोलली, दुकानात भाव सांगावा तशा आवाजात.

"अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. त्यानंतर मारलं नाही त्याने."

एका आमदाराने तोंडाजवळ नेलेला रोल खाली ठेवला. गेलन पुढे होऊन कुजबुजले, "सिस्टर, दमलात तुम्ही, या बसा."

समितीचे म्हातारे अध्यक्ष मायेने म्हणाले, "पण बाई, तुम्ही राहिलात. तेच तर मोठं आहे."

"हो, राहिले," आर्डिथ म्हणाली. "पण माझा जावई अजून तरुण आहे. तब्येत ठणठणीत आहे त्याची."

गेलननी शेजारची खुर्ची सरकवून ठेवली होती. तिला वळसा घालून आर्डिथ मागे गेली आणि जनेलच्या प्लास्टरच्या बाजूला बसली. अजूनही तिला काहीच वाटत नव्हतं. पुढच्या साक्षीदाराचं नाव पुकारलं गेलं.