दादासाठी घेतलेला फोन

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. फोन दादासाठी घेतला, पण निवडला माझ्यासाठी.

दादा आणि वहिनी दरसाल दसरा झाला की ऊस तोडायला जातात. राणीसावरगावच्या घराला कुलूप लागतं आणि तेवढे महिने माय परभणीला माझ्याकडे राहते. राहायची. त्या वर्षी तिनं हट्ट धरला, नुसता आवाज नको, पोराचं तोंड दिसलं पाहिजे. म्हणून दादाला मोठा फोन घ्यायचं ठरलं.

"तू शिकेल हाईस, तूच बघ," दादा म्हणाला. "तिथं पाचटाच्या कोपीत लाइट न्हाई. मुकादमाचं ट्रॅक्टर आलं तर चार्जिंग. दोन दिवस टिकली पाहिजे बॅटरी. अन् बैलगाडीवरून पडला तरी फुटू नये."

"आणि कॅमेरा?"

"उसाचे फोटू काढू का? माझ्या थोबाडापुरता असला की बस." मग हसला. "सीजन झाला की तूच वापर. मला साधाच बरा."

हे शेवटचं मी नेमकं लक्षात ठेवलं.

दुकानात जाताना माय सोबत होती. तिला स्टुलावर बसवलं आणि दोन फोन हातात घेतले. एक जाड, जड, कडेला रबर, बॅटरी मोठी. दुसरा पातळ, पाठीला काच, हातात धरला की आपणच कुणीतरी मोठे आहोत असं वाटावं. दोन्हींनी मायचा फोटो काढला. जाड फोनात तिचं तोंड धुरकट आलं. पातळ फोनात कपाळावरचं हिरवं गोंदण, सुरकुती न् सुरकुती दिसत होती.

माय म्हणाली, "ह्याच्यात मी माणसावानी दिसायले की!"

दुकानदारानं विचारलं, "वापरणार कोण?"

"भाऊ. ऊसतोडीला असतो."

"मग जाडच न्या, साहेब. हा दुसरा सांजेपर्यंत दम टाकतो."

मी ते नीट ऐकलं, आणि पातळ फोन बांधायला सांगितला. दादाच्या हातात देताना म्हणालो, "दोन दिवस निघतात." मायचा फोटो तेवढा माझ्याकडे घेऊन ठेवला.

पौषात मायला दम लागला. दवाखान्यात सकाळपासून एकच सांगत होती, "मोठ्याला दाव." दादाचा फोन बंद. मुकादम उचलेना. फोन लागलाच तर दादा आधी तिलाच दिसावा म्हणून मी माझा फोन तिच्या तोंडासमोर धरून बसलो. काळ्या काचेत तिला तिचंच तोंड दिसलं.

"ही कोण म्हातारी?" ती म्हणाली. त्यानंतर तिनं मागितलं नाही.

मुकादमाकरवी निरोप पोचला तेव्हा दिवस मावळत आला होता, आणि माय गेली होती. अग्नी दादानंच दिला.

राख सावडायच्या दिवशी सगळे गावच्या घरी अंगणात बसले होते. दादा एकदम वहिनीवर उसळला. "रातच्याला व्हिडिओ बघत बसली ही. हिनं बॅटरी न्हाई, माझ्या मायचं तोंड खाल्लं!"

"अर्धाच घंटा बघितला हो," वहिनी म्हणाली. "झंपरचा गळा कसा शिवायचा ते..."

"हातात कोयता अन् डोळ्याला पिच्चर!" आमची आत्या म्हणाली.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी त्या वेळी मायच्या फोटोचा हार सरळ करत होतो. हार सरळच होता. दुकानात काढलेलाच तो फोटो, मोठा करून आणलेला. कुणीतरी म्हणालं, फोटो लय साफ आलाय. दादानं डोळे पुसले आणि मला म्हणाला, "कॅमेरा चांगला घेतलास बाबा."

मी मान हलवली.

सीजन झाल्यावर दादानं कबूल केल्याप्रमाणे फोन मला आणून दिला. पाठीची काच तडकली होती. आता तो मीच वापरतो. सांज व्हायच्या आत बंद पडतो. वहिनी कुणाच्याच फोनला हात लावत नाही. जवळचा वाजला तरी पोरीला हाक मारते. मी गावी गेलो की पहिला चहा मलाच देते, आणि चार्जर कुठं लावायचा तेही दाखवते.

वहिनीचं माझ्याकडे एक देणं आहे. दादाच्या तोंडावर, त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर सांगायचं आहे, की बॅटरी तिनं संपवली नाही, टिकणार नाही हे माहीत असून मी तो फोन दिला. ते मी अजून दिलेलं नाही.