लॅपटॉपची पंचवीस अक्षरं

मी तोंडाची फटकळ. माहेरी ते खपून गेलं आणि सासरीही खपलं, कारण सासूबाई ऐकून घेणाऱ्या. आम्ही पेणला रामवाडीत राहतो. घरातल्या पुढच्या खोलीत मी लॅपटॉपवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून देते. जुळवणी माझी, पण नजर सासूबाईंची. पत्रिका छपाईला जाण्याआधी शेजारी स्टुलावर बसून त्या एकेक नाव वाचायच्या. "थोरल्या काकाचं नाव खाली गेलंय गो, रुसतील ना ते," असं म्हणायच्या आणि मी मुकाट नाव वर घ्यायची. खोटं कशाला बोलू, त्यांच्या जिवावरच माझं काम चालायचं.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर लॅपटॉप फार रडवायला लागला. मागे कुणीतरी त्यात फुकटातली सिस्टीम भरून दिली होती. म्हटलं, पुरे झाली ही चोरी, लॅपटॉपसोबत आलेली मूळचीच परत टाकू. सगळं काम पेनड्राइव्हवर काढलं आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत सुरुवात केली. मध्येच विचारणा झाली, 'होम' पाहिजे का 'प्रो'? प्रो म्हणजे भारी असणार, म्हणून मी प्रो निवडली. झालं! कोपऱ्यात पाटी येऊन बसली, सिस्टीम ॲक्टिव्हेट करा. दाबलं तर पंचवीस अक्षरांचा नंबर मागायला लागली.

नंबर लॅपटॉपच्या खालच्या स्टिकरवर असणार, याची मला पक्की खात्री. उलटा करून बघते तर स्टिकर पांढराफटक. दसऱ्याला सासूबाईंनी माझी कात्री, प्रिंटर आणि लॅपटॉप पूजेला मांडले होते. कुंकवाचं पाणी खाली ओघळलं, म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ओली घासणी घेऊन सगळं लख्ख केलं होतं.

माझा पाराच चढला. समोर गिऱ्हाईक, एका नवरीचे आईवडील, पत्रिका बघायला बसलेले, तरी जीभ आवरली नाही. "आई, तुम्हाला कळत नाही त्यात हात घालता कशाला? घासून घासून वाटोळं केलंत माझ्या कामाचं!"

"मला वाटलं, डाग पडंल," एवढंच त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून एसटीने रोह्याला लेकीकडे निघून गेल्या. नवरा नागोठण्याहून शिफ्ट करून आला, आईची रिकामी कॉट बघितली आणि हातपाय धुऊन जेवायला बसला. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

आठवडा गेला तरी पाटी हलेना. शेवटी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली, "मॅडम, हा नंबर स्टिकरवर नसतोच. तो तुमच्या लॅपटॉपच्या आत भरलेला आहे. लॅपटॉप होमचा आहे आणि तुम्ही प्रो टाकलीत." मी परत सगळं पुसून होम टाकली. वायफाय जोडलं आणि कसलाही नंबर न मागता काम झालं. देवा, मी त्या माउलीला काय काय बोलले होते!

दुसऱ्याच दिवशी रोह्याची गाडी पकडली. सरळ 'चुकले' म्हणायला काय जात होतं माझं? पण मी मेली ताठ्याची. सासूबाई ओटीवर वाल निवडत बसल्या होत्या, नणंद शेजारीच. मी म्हटलं, "आई, झालं बघा काम. खूप विनंत्या केल्या तेव्हा कंपनीवाल्यांनी नवा नंबर दिला. चला आता घरी."

"बरं झालं गो," त्या म्हणाल्या आणि वाल निवडत राहिल्या.

चहाला नणंदेच्या मागोमाग आत गेले, तेव्हा ती हळूच म्हणाली, "वहिनी, आई आली त्याच दिवशी मला घेऊन लॅपटॉपवाल्याच्या दुकानात गेलेली. पुसलेला नंबर परत मिळतो का, विचारायला. तो म्हणाला, नंबर आत असतो, पुसून जात नाय. मी तुला फोन लावत होते, तर तिनं माझा हात धरला. म्हणाली, नको, तिला शरम वाटंल."

माझे कान तापले. तशीच बाहेर आले आणि त्यांच्यासमोर बसले. "आई, नवा नंबरबिंबर काही नाही. चूक माझीच होती. मघाशीही मी खोटं बोलले."

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या. "चल, पिशवी भरते."

मला वाटलं, मिटलं. गाडीत आम्ही नणंदेच्या पोरांबद्दल बोललो, हसलोसुद्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी मी एक पत्रिका जुळवली, स्टूल ओढलं आणि त्यांना हाक मारली. त्या दारापर्यंत आल्या आणि तिथेच थांबल्या.

"तूच बघ गो," म्हणाल्या. "मला त्यातलं काय कळतंय."

टोमणा मारला असता तर मी पाय धरले असते, नाहीतर भांडले असते. पण त्या रागावलेल्या नव्हत्याच. आपल्याला कळत नाही, हे त्यांना आता खरंच वाटायला लागलं होतं.