मोडली ती खरी कानस

भिला लोहाराचा राग अक्कलकुव्याच्या बाजाराला पाठ होता, पण त्या दिवशी तो हातोडीच घेऊन गोकुळशेठच्या दुकानात शिरला. मागे कमलीबाई. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला ऊसतोडीला गुजरातेत निघायचं होतं. कोयत्याला धार नसली की फडात माणूस मागे पडतं, आणि धार लावायला याच दुकानातून घेतलेली तिची नवी कानस एका दुपारात गुळगुळीत झाली होती.

"वरनी चमक देख ना, नवा माल शे," गोकुळशेठ म्हणाला.

"चमकले काय चाटू?" भिलाने कानस उंबऱ्यावर टेकवून हातोडी घातली. ती वाकली. "खरी कानस मोडस रे, वाकस नही. तू नुसतं लोखंड विकी ऱ्हायना."

शेठच्या कानशींच्या पेटीतली दुसरी घेतली, तीही वाकली. तिसरीही. राग चढतच गेला. चौथी मात्र टणकन मोडली, दोन तुकडे झाले. पेटी रिकामी.

"दादा, एकच खरी व्हती, तीबी मोडी टाकी," कमलीबाई म्हणाली. मुठीकडचा तुकडा उचलून तिने अंगठ्याने दाते चाचपले आणि कमरेला खोचला. "अर्धी ते अर्धी."

दोघं पायरी उतरली. आत गोकुळशेठ वाकलेल्या कानशी ठोकून सरळ करायला लागला. आवाज ऐकून भिला पुन्हा मागे वळला.